पानाखालची पांढरी माशी: आमच्या मिरचीचं वाटोळं नेमकं कुठून सुरू झालं?

वावरवाला_कुही

मंडळी, नोकरी नागपुरात आणि वावर कुहीकडे, त्यामुळं मी शनिवार-रविवारचा कास्तकार. बाकीचे पाच दिवस बाबा बघतात आणि मी फोनवर सल्ले देतो, जे ते ऐकत नाहीत.

यंदा दीड एकर मिरची लावली. रोपं घरी न करता एका नर्सरीतून आणली. (नाव विचारू नका, सांगणार नाही.) ट्रेमधली हिरवीगार, एका मापाची रोपं बघून जीव सुखावला होता. लावणीच्या अठराव्या दिवशी धुऱ्याकडच्या (बांधाकडच्या) तासात, म्हणजे ओळीत, चार-पाच झाडांचे शेंडे आखडले. बाबा म्हणाले, "बोकड्या आला." दुकानातून तीन बाटल्या आणल्या, फवारल्या. आठवड्यानं तशी झाडं चाळीस झाली. पंधरा दिवसांनी मी मोजणं सोडलं.

गेल्या रविवारी मुलीच्या शाळेच्या प्रकल्पाचं भिंग खिशात घालून गेलो. सकाळचे साडेसहा, पानांवर दव. एक पान हळूच उलटं केलं. कोणी मैद्याची चिमूट टाकावी तसे सात-आठ पांढरे ठिपके. भिंगातून बघितलं तर प्रत्येक ठिपक्याला पंख, कौलारू छपरासारखे उतरते मिटलेले, खाली पिवळसर अंग. बाजूला चपटे, पिवळट खवले पानाला चिकटलेले. भिजलेला साबुदाणा बोटानं दाबून बसवावा तसे, हलत नव्हते. मग माझा गुडघा झाडाला लागला आणि सगळा मैदा उडाला. दोन-तीन सेकंद गोंधळ घालून शेजारच्या झाडाच्या पानाखाली जाऊन बसला.

म्हटलं, घ्या. आताच माझ्या डोळ्यांदेखत यांनी रोग तिकडं नेला की काय?

एवढीशी माशी, जेमतेम एक मिलिमीटर. ती पीक खाऊन संपवते असं दिसत नाही. मग दीड एकर कसं बसवते? आणि तीन बाटल्या कुठं गेल्या? माझा राग अजून नर्सरीवर आहे, पण आधी समजून घ्यायचंय.

तर्री_पोहे

फोटो टाक ना बाप्पा. नुसत्या वर्णनावर डॉक्टरही गोळी देत नाही. (देतात तसे.)

औषधदुकान_उमरेड

मी दुकानवाला आहे, म्हणून आधी शिव्या द्या, मग वाचा. मिरचीचं पान वळलं की सगळे 'व्हायरस' म्हणतात. पानाच्या कडा वर वळून होडी झाली असेल तर बहुतेक फुलकिडे. खाली वळून उलटी होडी झाली आणि देठ लांबला असेल तर कोळी. या दोन्हींत विषाणू नसतोही, नुसता रस शोषल्यानं पान वळतं, आणि वेळेत फवारणी केली तर नवीन फूट चांगली येते. कोळ्याचं औषध वेगळं, फुलकिड्याचं वेगळं. कास्तकार येतो आणि म्हणतो "कडक काहीतरी द्या". आता कडक म्हणजे काय देऊ?

तुमच्या झाडाची नवीन फूट कशी आहे ते सांगा.

वावरवाला_कुही

फोटो टाकलेत. शब्दांत सांगायचं तर नवीन पानं चिंचेच्या पानाएवढी बारकी, जाड, शिरा फुगलेल्या, मधला भाग फुगे आल्यासारखा. दोन पेऱ्यांतलं अंतर संपलंय, शेंड्याला नुसता झुपका. फूल नाही. दोन फवारण्यांनंतरही नवीन फूट तशीच.

औषधदुकान_उमरेड

मग व्हायरसच. त्या झाडांवर आता पैसा घालू नका. हे एक दुकानवाला सांगतोय, नोंद घ्यावी.

महाराजबाग_निवृत्त

उमरेडच्या भाऊंनी बरोबर ओळखलं. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना हेच शिकवलं, तेव्हा थोडं लांबतं, सहन करा.

मुळात विषाणूला झाडात आपल्या पायानं शिरता येत नाही. झाडाच्या प्रत्येक पेशीला सेल्युलोजची भिंत असते. ती कोणीतरी भोसकून द्यावी लागते, आणि अशी की पेशी मरू नये. पेशी मेली तर आत गेलेला विषाणूही वाया. पान कुरतडणारी अळी पेशी फाडून टाकते. मावा, पांढरी माशी, तुडतुडे, फुलकिडे यांचं तोंड मात्र सुईचं, सगळ्यात बारीक काम माव्याचं नि माशीचं. झाडाला टोचलेलं कळतही नाही. म्हणून बहुतेक विषाणूंची सोयरीक या रसशोषक मंडळींशीच जुळली आहे.

पण टोचलं की रोग गेला, इतकं ते सरळ नाही. कोण, किती वेळात, शरीराच्या कुठल्या भागातून विषाणू नेतो यावर सगळं अवलंबून आहे, आणि तुमच्या तीन बाटल्यांचं उत्तरही तिथंच आहे.

आधी मावा घ्या. मावा झाडावर उतरला की आधी चव बघतो. सोंड वरच्या थरातल्या पेशीत काही सेकंद घालतो, काढतो. आवडलं तर बसतो, नाही तर पुढच्या झाडावर. पपईचा रिंगस्पॉट, काकडीचा मोझॅक (जळगावचे केळीवाले ज्याला हरण्या म्हणतात तो) हे विषाणू त्या काही सेकंदांत सोंडेच्या टोकाला लागतात आणि पुढच्या झाडाची चव घेताना उतरतात. उष्टा चमचा दुसऱ्याच्या वाटीत बुडवावा तसं. दोन-चार ठिकाणी टोचलं की चमचा पुसला जातो, मावा पुन्हा निर्दोष. गंमत म्हणजे पपईवर मावा संसार थाटतच नाही. येता-जाता चव घेऊन जातो, तेवढ्यात बाग बसते.

तुमची पांढरी माशी अगदी उलट. तिला पानाच्या आतल्या अन्नवाहिनीपर्यंत सोंड न्यावी लागते, कारण चुरडामुरड्याचा (तुमचे बाबा ज्याला बोकड्या म्हणतात त्याचा) विषाणू तिथंच राहतो. दहा-पंधरा मिनिटांपासून तासाभरापर्यंत शांत बसून रस प्यावा लागतो. मग विषाणू रसाबरोबर आतड्यात, तिथून रक्तात, रक्तातून लाळग्रंथीत. या आतल्या प्रवासाला ८ ते २४ तास जातात. तोवर माशी रोग देऊ शकत नाही. पण एकदा लाळेत उतरला की बहुतेक उरलेलं आयुष्य ती जिथं बसेल तिथं विषाणू सोडत राहते.

म्हणजे रविवारी तुमच्या गुडघ्यानं उडालेल्या माश्यांपैकी ज्या आदल्या दिवसापासून त्या रोगट झाडावर जेवत होत्या, त्यांनी शेजारी नेलाच असणार. तुमची शंका खरी आहे.

तर्री_पोहे

गुडघा धुऊन टाक आता.

काटोलचा_बगीचेवाला

सर, आमच्या संत्र्याचंही सांगा. इकडं झाड वाळलं का म्हणते व्हायरस. कोळशी आली तरी व्हायरस, डिंक्या आला तरी व्हायरस. माझ्या चुलत्यानं दोनशे झाडं तोडली अन् सांगत फिरते का व्हायरसनं गेली. बुडाशी डिंक वाहत होता, मी डोळ्यानं पाह्यला.

महाराजबाग_निवृत्त

काटोलकर, तुमचं निरीक्षण पक्कं आहे. डिंक्या हा जमिनीतल्या फायटोप्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जिवाचा, पाणी साचल्यानं येणारा. कोळशी म्हणजे काळ्या माशीच्या चिकट विष्ठेवर वाढलेली काळी बुरशी. त्यातही विषाणू नाही. आणि संत्र्याचा ग्रीनिंग, ज्यात पानं एका बाजूला पिवळी, दुसऱ्या बाजूला हिरवी अशी ठिगळं दिसतात, तो विषाणू नसून जिवाणू आहे. त्याला नेते सायला, तीही रसशोषकच.

संत्रा-लिंबावरचा खरा विषाणू म्हणजे ट्रिस्टेझा. नाव पोर्तुगीज-स्पॅनिश, अर्थ 'उदासी'. १९३० च्या दशकात अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये आंबट संत्र्याच्या खुंटावर बांधलेल्या बागा उभ्या वाळल्या, त्यावरून पडलं. मावा तो नेतो हे ब्राझीलमध्ये १९४६ साली सिद्ध झालं. काळा मावा अर्ध्या तासात विषाणू उचलतो, एक-दोन दिवस बाळगतो आणि मग विसरतो. उष्ट्या चमच्याच्या आणि पांढऱ्या माशीच्या मधला प्रकार. आपली संत्री बहुतेक जंबेरी किंवा रंगपूर लाईमच्या खुंटावर बांधलेली असतात, त्यामुळं तसा एकाच वेळी सगळा नाश होत नाही. पण कागदी लिंबाला तो चांगलाच भोवतो. पान उजेडाकडं धरा, शिरांमध्ये तुटक पांढरट रेघा दिसतात.

आणि इथं किडीपेक्षा मोठा अपराधी माणूस आहे. रोगट झाडाचा डोळा काढून शंभर कलमं बांधली की शंभर घरी रोग पोचवला. त्यासाठीच अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत शेंड्याचा अगदी सूक्ष्म टोकाचा भाग घेऊन कलम करतात. तिथं विषाणू सहसा पोचलेला नसतो.

काटोलचा_बगीचेवाला

चुलत्याला हे वाचून दाखवतो. मानणार नाही, पण दाखवतो.

गच्चीवाली

मी शेतकरी नाही, गच्चीवर पंधरा कुंड्या. माझ्या टोमॅटोची पानं हिरवी-पिवळी ठिगळांची झाली, पण भिंग लावूनही एक कीड दिसली नाही. पिवळा चिकट कागदही टांगला, त्यावर फक्त शेजाऱ्यांची चिलटं. मग कोणी आणला?

महाराजबाग_निवृत्त

बाई, छाटणी कोण करतं?

गच्चीवाली

माळीदादा येतात पंधरा दिवसांनी.

महाराजबाग_निवृत्त

खर्रा (तंबाखू-सुपारी घोटलेला) खातात?

गच्चीवाली

सर, नागपूर आहे हे.

महाराजबाग_निवृत्त

तंबाखूचा मोझॅक विषाणू वाळलेल्या, प्रक्रिया केलेल्या तंबाखूतही टिकून राहू शकतो, आणि त्याला किडीची गरजच नाही. हातानं, कात्रीनं, कपड्यानं जातो. खर्रा घोटलेल्या हातानं टोमॅटोची बगलफूट खुडली की झालं. टोमॅटो, मिरची, वांगी ही तंबाखूचीच भावंडं. खात्रीनं तोच आहे असं फोटोवरून म्हणणार नाही, पण दादांना आधी साबणानं हात धुवायला सांगा. रोपांना हात लावण्याआधी हात दुधात बुडवायची जुनी पद्धत आहे, तीही चालते, दुधातली प्रथिनं विषाणूला बांधून ठेवतात.

जाता जाता: माणसाला 'विषाणू' ही गोष्टच या रोगामुळं कळली. १८९२ साली रशियात इव्हानोव्स्कीनं रोगट तंबाखूचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, तरी तो रोग देत राहिला. १८९८ मध्ये हॉलंडच्या बायरिंकनं म्हटलं, हे जिवाणूपेक्षा वेगळंच काही आहे.

तर्री_पोहे

म्हणजे सगळं विज्ञान खऱ्र्यावर उभं आहे. हे मी घरी सांगणार.

मुठाकाठ

पुण्याहून विचारतो. २०२० च्या उन्हाळ्यात आमच्याकडं जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात टोमॅटोवर तो 'तिरंगा' रोग आला होता. तेव्हा एका वाहिनीवर टोमॅटोतून माणसाला काहीबाही होतं असं दाखवलं आणि भाव पडले. ते खरं होतं का कधी?

थिसिस_लटकला

नाही. वनस्पतींचे विषाणू माणसाला आजारी पाडत नाहीत. उलट, मिरचीवरचा एक सौम्य ठिपक्यांचा विषाणू आपण लाल तिखटातून, सॉसमधून रोज खातो आणि तो जसाच्या तसा पलीकडून बाहेर पडतो. इतका नेमानं, की नदीत मानवी सांडपाणी मिसळलंय का हे तपासायला जगभर तोच विषाणू शोधतात. जेवताना वाचत असाल तर क्षमस्व.

या विषयावर माझा प्रबंध अडकलाय, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. विषाणू नुसता किडीच्या पाठीवर बसून जात नाही, तो किडीला चालवतो. काकडीचा मोझॅक झालेल्या भोपळ्याच्या वेलाचा वास निरोगी वेलासारखाच, पण जास्त तीव्र होतो, मावा ओढला जातो. येऊन चव घेतो तर रस बेचव, म्हणून लगेच उडून पुढं. या विषाणूला नेमकं हेच हवं, कारण तो काही सेकंदांत लागतो आणि लवकर पुसला जातो. हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. मग २०१२ मध्ये गहू-जवाच्या एका विषाणूवर आणखी कमाल दिसली: विषाणू नसलेला मावा रोगट झाड पसंत करतो, आणि विषाणू पोटात गेला की तोच मावा निरोगी झाड शोधतो. सासर-माहेर दोन्ही विषाणूनं ठरवून दिलेलं.

वावरवाला_कुही

हे वाचून अंगावर काटा आला. पण माझ्या तीन बाटल्या राहिल्याच.

महाराजबाग_निवृत्त

त्याकडेच येतो. विषाणूवर औषध नाही. बाटलीवर जे काही लिहिलेलं असतं ते किडीवरचं. आता वेळ जुळवा. माव्याच्या काही सेकंदांच्या टोचणीपुढं कोणतंही कीटकनाशक उशिराच पोचतं. उलट औषधानं अस्वस्थ झालेला मावा बसायच्या ऐवजी जास्त झाडांना टोचत सुटतो. पांढऱ्या माशीला तासभर बसायचं असतं, म्हणून तिथं आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणाऱ्या) औषधाचा थोडा उपयोग आहे: तुमच्याच वावरात एका झाडावरून दुसऱ्यावर जाणं कमी होतं. पण बाहेरून विषाणू घेऊन आलेली माशी मरण्याआधी तिचं काम करून जाते. फुलकिड्यांची तऱ्हा आणखी निराळी. भुईमुगाच्या शेंडेमरीचा विषाणू फुलकिडा फक्त पिल्लू असताना उचलू शकतो. विषाणू त्याच्या अंगात वाढतो, आणि मग पंख फुटल्यावर फुलकिडा तो जन्मभर वाटत फिरतो. मोठेपणी रोगट झाडावर कितीही बसला तरी नव्यानं काही लागत नाही.

आता माझा तुम्हाला प्रश्न. पहिली चार-पाच झाडं एकाच कडेला होती, की वावरभर विखुरलेली?

वावरवाला_कुही

एकाच कडेला. धुऱ्याकडच्या पहिल्या दोन तासांत. नंतर तिथूनच आत सरकत गेलं.

महाराजबाग_निवृत्त

मग नर्सरीवरचा राग जरा आवरा. रोपंच आजारी आली असती तर ट्रे फुटतील तशी ती दीड एकरात कुठंही पडली असती, चार इथं, दोन तिथं. कडेपासून आत येणारा रोग म्हणजे माशी धुऱ्यावरून आत आली. धुऱ्यापलीकडं काय आहे?

वावरवाला_कुही

तणकट, रानभेंडी, गाजरगवत. आणि विहीर.

औषधदुकान_उमरेड

रानभेंडीवर भेंडीचा हळद्या राहतो, तो मिरचीवर येत नाही. पण पांढरी माशी दोन्हीकडं जेवते. गाजरगवताला कमी समजू नका. २००० साली आंध्रात अनंतपूरकडं भुईमूग सव्वादोन लाख हेक्टरवर गेला, तो गाजरगवतामुळं. त्याच्या परागात विषाणू, परागकण फुलकिड्यांच्या अंगाला चिकटून भुईमुगावर, आणि फुलकिड्यानं पान खरवडलं की जखमेतून आत. सर, चुकलं असेल तर सांगा.

महाराजबाग_निवृत्त

काही चुकलं नाही. तुम्ही दुकान बंद करून शिकवायला या.

औषधदुकान_उमरेड

उधारी वसूल झाली की येतो.

वावरवाला_कुही

एक गोष्ट सांगायची राहिली. विहिरीजवळ आईची बारा-तेरा मिरचीची झाडं आहेत. उन्हाळ्यातली. घरच्या ठेच्यापुरती म्हणून तिनं काढू दिली नाहीत. तीही आखडलेली आहेत, पण फेब्रुवारीपासून तशीच बघतोय, म्हणून ध्यानातच आलं नाही.

थिसिस_लटकला

ओह.

काटोलचा_बगीचेवाला

घ्या. चोर घरातच.

महाराजबाग_निवृत्त

घाई नको, पुरावा बघू. त्याच ट्रेची रोपं दुसरीकडं कुठं लावली होती का?

वावरवाला_कुही

हो! उरलेली नऊ रोपं मी नागपूरला आणली. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत कुंड्यांत आहेत. आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. नऊच्या नऊ सरळ, फुलावर आलेली. बायको विचारते, रात्री पावणेबाराला मिरचीशी काय बोलताय.

महाराजबाग_निवृत्त

मग नर्सरीला सोडून द्या. तुमच्या मातोश्रींच्या झाडांवर विषाणू उन्हाळाभर जिवंत राहिला, माश्यांनी तिथं पिढ्या काढल्या, आणि पलीकडं कोवळी दीड एकर रोपं आली. कोरडी उघडीप मिळाली की माशी भराभर वाढते. आठवा, २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, आणि त्यापाठोपाठ विदर्भातलं सोयाबीन पिवळ्या मोझॅकनं झोपलं. तीच माशी, विषाणू वेगळा.

आता काय करायचं: पहाटे, माशी गारठलेली असताना जा. आखडलेल्या झाडावर आधी प्लास्टिकची पिशवी उलटी घाला, तोंड आवळा, मग उपटा. नुसतं उपटून धुऱ्यावर फेकलं तर माश्या वाळक्या झाडावर थांबत नाहीत, शेजारी जातात. पुढच्या वर्षी रोपवाटिकेवर ५० मेशची जाळी, कडेनं मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी मिरचीच्या आधी, जमलं तर चंदेरी आच्छादन. त्यावरून परतणाऱ्या उजेडानं माशी-माव्याला उतरायची जागा कळत नाही. मका माव्याचा चमचाही पुसून घेतो.

आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांचा मारा नको. मित्रकिडी मरतात, पांढरी माशी उलट वाढते. फवारणी केलीच तर तोंड-नाक बांधून, वाऱ्याच्या दिशेनं. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते विसरू नका कोणी.

मुठाकाठ

हळद्यावरून आठवलं. आजोबा 'परभणी क्रांती' भेंडी लावायचे आणि म्हणायचे हिला हळद्या शिवत नाही. सोयाबीन, मिरचीतही असं वाण का नाही लावत लोक?

महाराजबाग_निवृत्त

लावतात. पण सोयाबीनमध्ये लाडकं जेएस ३३५ मोझॅकला बळी पडतं आणि लोकांचा जीव त्यावरच. भेंडीचा हळद्या तर १९२४ पासून नोंदलेला आहे, मुंबई इलाख्यातूनच. इतक्या वर्षांत विषाणूही बदलतो, वाणाची ताकद कमी होत जाते. भिवापुरीसारख्या गावरान मिरचीत बाजार वाणापेक्षा चवीचा, तिथं वाण बदला म्हणणं सोपं नाही.

थिसिस_लटकला

नोंदीवरून एक. झाडाच्या विषाणूची सर्वांत जुनी लिखित नोंद म्हणून जी सांगतात ती जपानच्या एका सम्राज्ञीची, इ.स. ७५२ ची. कवितेत ती म्हणते की उन्हाळा असून रानातल्या एका झाडाची पानं पिवळी पडली आहेत. २००३ मध्ये संशोधकांनी दाखवलं की त्या झाडाला तसं पिवळं करणारा विषाणू आपल्या मिरचीवरच्या विषाणूच्याच घराण्यातला, पांढऱ्या माशीनं नेला जाणारा. दोन-दोन गोळे चिकटलेले असे त्याचे कण असतात, जुळ्या चण्यांसारखे. १२५० वर्षं झाली, माशीनं धंदा बदललेला नाही.

वावरवाला_कुही (तीन आठवड्यांनी)

उशिरानं लिहितोय. दोन रविवार पहाटे पाचला पिशव्या घेऊन गेलो. ३१२ झाडं उपटली. बाबा पहिल्या दिवशी धुऱ्यावर बसून बघत होते, दुसऱ्या दिवशी पिशवी धरायला आले. आखडणं थांबलेलं नाही, पण गेल्या रविवारी नवीन सतराच सापडली. कडेचा पट्टा मोकळा झाला, तिथं उशिराची म्हणून घरच्या बियाची दोनशे रोपं जाळीखाली तयार करतोय. गावात विचारतात, मांडव कोणाच्या लग्नाचा?

नर्सरीवाल्याला फोन करून चांगली रोपं होती म्हणून सांगितलं. तो म्हणाला, असं सांगायला पहिल्यांदाच कोणी फोन केला.

अडचण आईची. तिची बारा झाडं उपटली तेव्हा बोलली काहीच नाही. दुसऱ्या रविवारी गेलो तर विहिरीमागं दोन झाडं उभी, वरून आमची जुनी मच्छरदाणी. म्हणे, "जाळी लाव म्हणत होता ना, लावली. ठेच्याला काय तुझं भिंग घालू?"

महाराजबाग_निवृत्त

मच्छरदाणीची भोकं मोठी असतात. पांढरी माशी आरपार जाते. मातोश्रींना सांगा.

वावरवाला_कुही

सर, तुम्हीच सांगा. मी फोन जोडून देतो.